डोक्याचा कागद

गुरुवारी दादाराव सोमकुवरांचा फेरा तिगावला असे. सायकलच्या हँडलला कापडी पिशवी, पिशवीत काचेच्या पट्ट्या, सुया, स्पिरिटचा बोळा आणि कडू गोळ्यांचा डबा. मलेरिया खात्यातली बावीस वर्षांची नोकरी. घरोघर जायचं, ताप कोणाला आला विचारायचं, आला असेल त्याचं बोट टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि दाराशेजारच्या भिंतीवर गेरूने तारीख लिहून पुढचं दार गाठायचं. काच तपासायला जाई, निकाल येई. निकालात निघाला तर मलेरिया, नाही तर नाही. एखादी म्हातारी कुरकुरली तर दादाराव म्हणत, "काचीत नाई तं अंगात नाई, बाई." माणूस प्रामाणिक होता. एकही खोटी तारीख त्यांनी कधी भिंतीवर टाकली नाही. हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं फार थोडं आहे.

१९८४ च्या जानेवारीतल्या अशाच एका गुरुवारी ते दुपारी पांढुर्ण्याला घरी परतले, तेव्हा त्यांची थोरली मुलगी प्रेमलता दाराच्या मागे कानात बोटं घालून उभी होती. तिची आई शकुंतलाबाई चुलीपुढून उठून तिला जेवायला ओढत होती आणि पोरगी हलत नव्हती. अकरावीला वर्गात पहिल्या पाचांत असणारी ही मुलगी चार महिने झाले, पुस्तक उघडत नव्हती, अंघोळीला तयार होत नव्हती, झोप तर तिची पार उडालेली.

"बाबा, थे माह्या मनातलं मोठ्यानं वाचून राहिले," ती म्हणाली. "साऱ्या मोहल्ल्याले आयकू जाते. तुमाले नाई आयकू येत?"

दादारावांनी खरोखर कान देऊन ऐकलं. शेजारी कोणाच्या तरी घरी रेडिओ लागला होता, बस.

सल्ले द्यायला मोहल्ला तयारच होता. कोणी म्हणालं जामसांवलीच्या मारुतीला न्या, कोणी म्हणालं उतारा टाका, एकाने तर गंडा बांधणाऱ्याला दाराशी आणून उभा केला. दादारावांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. त्यांचे वडील हिरामण यांनी दीक्षा घेतल्यावर घरातले देव जाम नदीत सोडले होते. तेव्हापासून त्या घरात अंगात येणं, बाहेरचं लागणं, असले शब्दसुद्धा कोणी काढत नसे. "पोरगी बीमार हाय. तिले डॉक्टर पाह्यन," दादारावांनी सगळ्यांना सांगितलं. त्या दिवशीचे दादाराव मला आजही फार आवडतात.

नागपूरच्या डॉक्टरांनी प्रेमलताला तासभर बोलतं केलं. रोजच्या गोळ्या लिहून दिल्या. शिवाय मेंदूच्या लहरींची एक तपासणी करून घ्यायला सांगितलं. त्या खोलीत तिच्या केसांतलं तेल धुऊन काढलं, डोक्यावर जागोजागी चिकट मलम लावून बारीक तारा बसवल्या आणि तिला खाटेवर निजवलं. डोळे मीट, उघड, जोरजोरात श्वास घे. डोळ्यांपुढे दिवा लुकलुकला. पलीकडे यंत्रातल्या आठ लेखण्या लांबलचक कागदावर थरथरत रेघा ओढू लागल्या. प्रेमलता घाबरली.

"याच्यात माह्या मनातलं लिहून येते काय?" तिने विचारलं.

यंत्र चालवणारी बाई हसली नाही. तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "नाही गं. नुसत्या लहरी येतात. मनातलं कोणाला वाचता येत नाही, या मशीनलाही नाही."

चार महिन्यांत पहिल्यांदा पोरीने मोकळा श्वास सोडला. शकुंतलाबाईला ते दिसलं आणि तिने पदराने डोळे पुसले.

चार दिवसांनी टाइप केलेला निकाल हाती आला. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून नीट सांगितलं, "फेफरं किंवा तसलं काही आहे का, एवढंच पाहायला ही तपासणी केली. तसं दिसत नाही. लहरी नॉर्मल आहेत. पण आजार आहे, दादाराव. तो या कागदावर उमटतोच असं नाही. गोळ्या काही वर्षं चालतील, मध्येच बंद करायच्या नाहीत. लग्नाची घाई नको. आणि करालच तर समोरच्यांना सांगून करा."

दादारावांनी 'नॉर्मल'पर्यंत ऐकलं. पुढचं सगळं शकुंतलाबाईने ऐकलं. पण त्या घरात दवाखान्याचं बोलणं समजण्याचा मक्ता मलेरिया खात्याकडे होता. परतीच्या पॅसेंजरमध्ये दादारावांनी तो कागद तीनदा वाचला, घडी घालून खाकी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "पाह्यलं? दिमागात काई नाई."

"गोया घ्यायच्याच हाये म्हनले ना थे," शकुंतलाबाई म्हणाली.

"अवो, देतेत. दवाखान्यात गेलं का गोया देतेतच."

गोळ्या मात्र सुरू राहिल्या, कारण त्या शकुंतलाबाईच्या हातात होत्या. पावसाळा संपेपर्यंत प्रेमलता झोपू लागली. आवाज दूर गेले, मग कधीकधीच येऊ लागले. पुढच्या वर्षी अकरावी पास झाली. धाकटी बहीण पुष्पा हिच्यासोबत शिवणाच्या वर्गाला जाऊ लागली. हात थोडे थरथरत, सुईत दोरा ओवायला पुष्पा लागे, तोंड कोरडं पडे. पण ती हसत होती, भांडत होती, आणि संध्याकाळी आईला विसर पडला तर स्वतःच म्हणायची, "आई, माह्या गोया."

आता यात कोणी काय बिघडवावं? पण आपल्याकडे मुलगी बरी दिसू लागली की पहिला विचार तिच्या तब्येतीचा नसतो, तिच्या लग्नाचा असतो.

विहार कमिटीचे अध्यक्ष भाऊराव मेश्राम यांनी स्थळ आणलं. मुलगा मधुकर, सौंसरला कापसाच्या जिनात फिटर, घरी विधवा आई पंचफुलाबाई. हुंडा नको, बँड नको. भाऊराव मोहल्ल्यातलेच. प्रेमलता कानात बोटं घालून उभी राहायची ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"त्यायले सांगा लागन ना," शकुंतलाबाई आतून म्हणाली.

"काय सांगा लागन, बाई?" भाऊराव म्हणाले. "आता ठीक हाय ना पोरगी? इथं मोहल्ल्याले माहीत हाय, सौंसरात कोनाले माहीत हाय? अन् लगन झालं का उरलंसुरलं तेबी ठीक होते. घरसंसारात मन लागलं म्हंजे दिमाग ठिकान्यावर येते. मी लय पाह्यले असे."

दादारावांनी खिशावर हात ठेवला. "लपवाचं काई नाईच हाय, भाऊ. माह्यापाशी कागद हाय."

१९८६ च्या फेब्रुवारीत विहारात मंगल परिणय झाला. पांढरी लुगडी, वंदना, दोन हार. मोठा सुधारकी सोहळा. पाहुण्यांनी कौतुक केलं. साऱ्या मोहल्ल्याने पोटभर जेवून तोंड पुसलं आणि त्या तोंडातून एक शब्द बाहेर पडला नाही.

पाठवणीच्या आधी शकुंतलाबाईने गोळ्यांच्या पुड्या पोरीच्या पेटीत साड्यांखाली ठेवल्या. दादारावांनी त्या बाहेर काढल्या.

"कायले काढून राहिले?"

"सासू पेटी उघडन, पुसन हे कायच्या गोया. काय सांगशीन?"

"खरं सांगन थे."

"खरं हे हाय!" दादारावांनी कागद पुढे धरला. "मशीननं लिहून देल्लं हाय. काई नसताना गोया चारून राहिली तू दोन वर्सं. त्या गोयाइनंच हात थरथरते तिचे."

प्रेमलता दारात उभी होती. अंगावर नवी साडी, हातात हिरवा चुडा. "बाबा," ती हळूच म्हणाली, "गोया नाई घेतल्या तं थे आवाज परत येईन."

"नाई येत, बेटा. तुह्या डोक्यात काई नाई. आपून पाह्यलं ना मशीनमंदी?"

तिने मानेनेच हो म्हटलं. आजारातही बापाशी ती कधी खोटं बोलली नव्हती, मग बाप तिच्याशी खोटं बोलेल असं तिला का वाटावं? आणि बापालाही ते खोटं वाटत नव्हतं, हीच तर या गोष्टीतली वाईट गोष्ट आहे. शकुंतलाबाई पुड्या हातात घेऊन चुलीपाशी बसून राहिली. तिने ओरडायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पुढे सारी हयात ती स्वतःला तेच म्हणाली.

मार्च सरला. एप्रिलच्या मध्यात मधुकर एकटाच बसने पांढुर्ण्याला आला. चेहरा ओढलेला. चहाला हात न लावता त्याने विचारलं, "मामाजी, राग मानू नका. हिची तबियत पह्यलेपासून अशी होती काय? झोपत नाई. भिताडासंग बोलते. आई वाढते त्याच्यात काई टाकलं हाय म्हनते. मले खरं सांगा. इलाज करू. मी सोडून देनारा मानूस नाई."

वाचकहो, मुलाने दार उघडून ठेवलं होतं. दादारावांनी फक्त "हो" म्हणायचं होतं.

दादारावांनी कागद काढला. मधुकरच्या हातात दिला. "वाचा, जवाईबापू. नागपूरच्या मोठ्या मशीनीवर काढला हाय. पोरीच्या दिमागात खोट नाई. नवं घर हाय, मायची सवय हाय तिले, नाटक करून राहिली. तुमी लाड कराल तं वाढन. लक्ष देऊ नका, दोन दिवसांत ठिकान्यावर येते."

"जवाईबापू," शकुंतलाबाई दारातून म्हणाली आणि थांबली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. पुष्पा आत शिवण करत होती, अजून लग्नाची होती. शकुंतलाबाई कप उचलून आत गेली.

मधुकरच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मामाजी सरकारी माणूस, शिकलेले, कागद डोळ्यांसमोर. त्याने जाताना दादारावांच्या पाया पडून निरोप घेतला.

वेडी म्हणून त्या घराने तिला दया तरी दाखवली असती. आतापर्यंत पंचफुलाबाई सुनेच्या उशाशी बसून घास भरवत होती, शेजारणीला सांगत होती, पोरगी बीमार हाय माही. मधुकरने कागदाची हकीकत सांगितल्यावर त्या माऊलीला वाटलं, आपण फसलो, दोन महिने ही आपल्याला नाचवत होती. ताट समोर ठेवून ती उठून जाऊ लागली. खाशीन तं खाय. प्रेमलता खाईना. आवाज सांगत होते, भाकरीत आहे, वरणात आहे, आता पाण्यातही आहे. एकदा ती अंगणातून रस्त्यावर धावली, तेव्हा तिला मागच्या खोलीत घालून कडी लावली. मे महिना. सौंसरचं ऊन, वर टिनाचं छप्पर. मधुकर कामावरून आला की दाराशी उभा राहून म्हणायचा, "बस झालं ना आता नाटक?" चौथ्या दिवशी दुपारी त्याने कडी काढली, तेव्हा त्याला तिला उचलूनच बाहेर आणावं लागलं.

रात्री निरोप मिळाला, तसे दादाराव आणि शकुंतलाबाई सकाळच्या पहिल्या बसने सौंसरला पोचले. दवाखान्यात प्रेमलताच्या हाताला सलाईन लावलं होतं. ओठ फुटलेले, डोळे अर्धे मिटलेले, हाडांवर नुसती कातडी. तरुण डॉक्टरने विचारलं, "आधी काही आजार? काही औषध चालू होतं?"

काय सांगावं? दादारावांनी, इतकं होऊनही, खिशात हात घातला. कागद पुढे केला.

डॉक्टरने तो उभ्याउभ्या वाचला. मग त्यांच्या खाकी शर्टाकडे पाहिलं. "तुम्ही मलेरियात आहात ना? पाय मोडलेल्या माणसाच्या रक्ताची स्लाईड घेतली, ती निगेटिव्ह आली, तर पाय मोडलाच नाही म्हणता काय तुम्ही?" तो रागात होता, वयाने लहान होता, राग आवरायला शिकला नव्हता. "याने फेफरं आहे की नाही ते कळतं. हा आजार यात दिसत नसतो. औषध कोणी बंद केलं?"

"मी," दादाराव म्हणाले.

प्रेमलता दुपारी चार वाजता गेली. जाण्यापूर्वी तिने एकदा आईकडे पाहिलं. आईने चमच्याने ओठांना पाणी लावलं, तेव्हा तिने तोंड फिरवलं नाही. शेवटचं पाणी तिने आईच्या हातचं घेतलं, एवढंच त्या बाईजवळ उरलं.

सातव्या दिवशी पांढुर्ण्याला विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. भाऊराव मेश्राम सकाळपासून धावपळ करत होते. त्यांनी फुलस्केपवर तक्रार लिहून आणली होती: सासू आणि नवऱ्याने पोरीला कोंडून उपाशी मारलं. चाळीसेक सह्या झाल्या होत्या. पेपरात तेव्हा सुनांच्या मृत्यूच्या बातम्या रोज येत, त्यामुळे लोक तापलेले होते. "बापाची सही झाली का मी जातो ठान्यात," भाऊराव म्हणाले. "दोघाइले बेड्या घालवतो. दादाराव, तुमाले काई बोलाचं नाई. फक्त सही."

किती सोपं होतं! एक सही केली असती तर दादाराव जन्मभर दुःखी बाप म्हणून मिरवले असते. लोक उठून जागा देत राहिले असते. आणि पुष्पाचं लग्नही जमलं असतं. खरं बोललं तर घराण्यात वेड आहे म्हणून तिच्याकडे कोण पाहणार? दादारावांनी पुष्पाकडे पाहिलं. ती वर्गात शिवलेलं बहिणीचं झंपर मांडीवर घेऊन बसली होती.

"माह्यासाठी थांबू नका, बाबा," ती म्हणाली. "ताईसाठीबी कोनी बोललं नाई."

वंदना झाली. मधुकर आला होता. चपलांच्या ढिगाजवळ, दाराशी, एकटा बसला होता, कोणी त्याला पाणी विचारलं नव्हतं. भाऊरावांनी श्रद्धांजलीचं भाषण सुरू केलं आणि दादाराव मध्येच उठले.

"थांबा, भाऊ. मले बोलू द्या." "माही पोरगी बीमार होती. लगनाच्या दोन वर्सं आधीपासून. मले माहीत होतं, या मोहल्ल्यालेबी माहीत होतं. सौंसरवाल्याइले नोतं माहीत. मी सांगतलं नाई. डॉक्टरनं देल्लेल्या गोया मी तिच्या पेटीतून काढल्या. या हातानं. हा पोरगा माह्या दाराशी खरं पुसाले आला, मी त्याले म्हनलं नाटक हाय, लक्ष देऊ नका. कडी त्यायनं लावली. त्याचं त्यायले भोगू द्या. पन लावाले मी सांगतलं. पोलिसात जाचं असन तं माहं नाव पह्यले लिहा."

दाराशी मधुकर तोंडावर रुमाल धरून रडत होता. मागच्या रांगेतल्या दोन बाया उठून गेल्या; त्यांतल्या एकीच्या पुतण्यासाठी पुष्पाचं बोलणं सुरू होतं. शकुंतलाबाईने नवऱ्याकडे पाहिलंही नाही. त्यांना माफ करणं तिला त्या दिवशी जमलं नाही आणि ते जमायलाच हवं असं मी म्हणणार नाही.

लोक पांगले. सतरंज्या गोळा होऊ लागल्या. भाऊराव तेवढे मागे राहिले. तक्रारीचा फुलस्केप त्यांच्या हातात चुरगळला होता. इकडेतिकडे पाहून ते दादारावांजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "थो नागपूरचा डॉक्टर... कोन्या वारी बसते?"

दादारावांना कळेना. "कोनासाठी?"

"माह्या लहान्यासाठी," भाऊराव म्हणाले. "सहा महिने झाले, खोलीतून निंघत नाई. कोनाले सांगतलं नाई आमी." मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात लगन हाय त्याचं. तिगावची पोरगी हाय."

शकुंतलाबाई सतरंजीची घडी घालत होती. ती घडी तशीच टाकून उठली. सात दिवसांत तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"पह्यले लगन थांबवा, भाऊ," ती म्हणाली. "मंग पत्ता देतो."

"बाई, पत्रिका वाटल्या..."

"पोरीच्या बापाचं नाव सांगा."

भाऊरावांनी खाली पाहत नाव सांगितलं. शकुंतलाबाईने पदर खोचला, दाराशी जाऊन पायात चपला घातल्या आणि तिगावच्या गाडीला किती वेळ आहे ते पुष्पाला विचारलं.